ब्रोमोच्या राखेतून जीपने

इंडोनेशियातील पूर्व जावामध्ये ब्रोमो ज्वालामुखीची जीपसफर पहाटेच्या अंधारातच सुरू होते. पहिला टप्पा 2,770 मीटर उंचीचा पेनांजाकन. उजाडताच खाली तेंगेरचे विशाल ज्वालाकुंड दिसते आणि त्यामागे 3,676 मीटर उंच सेमेरू, जावातील सर्वोच्च शिखर. थंडी कडाक्याची असते. गरम कपडे हवेतच.

खरी मौज कुंडात उतरल्यावर. जुन्या महाज्वालामुखीचा माथा खचून सुमारे 10 किलोमीटर रुंद खळगा तयार झाला आणि पुढच्या उद्रेकांनी त्यात राख भरली. हाच ‘वाळूचा समुद्र’. भुसभुशीत राखेत साधी चाके रुततात, म्हणून चारही चाकांना जोर मिळणारी जीप लागते. वाटेत बातोक हा शंकू लागतो. पावसाच्या ओहोळांनी त्याच्या अंगावर चुण्या पाडल्या आहेत. ब्रोमोच्या पायथ्याशी तेंगेर हिंदूंचे मंदिर आहे. कसदा सणात हे लोक धान्य, भाजीपाला, जनावरेही विवरात अर्पण करतात.

शेवटी पायऱ्या चढून विवराचा काठ. गंधकाची वाफ घशाला झोंबते, त्यामुळे नाकातोंडावर रुमाल बांधावा. आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्टही ज्वालामुखीचाच, पण तो भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा. ब्रोमोचा स्वभाव मात्र स्फोटक. हालचाल वाढली की विवराची वाट बंद होते.