बिनतारी पेजिंगमधील शक्तिबचत

बिनतारी जाळ्यातील एखादे उपकरण वापरात नसताना त्याच्यासाठी संदेश आला, तर जाळे त्या उपकरणाला रेडिओ तरंगांद्वारे हाक देते. या क्रियेस पेजिंग म्हणतात. हाक केव्हा येईल हे उपकरणाला आधी माहीत नसते. म्हणून ग्राही (रेडिओ तरंग ग्रहण करणारे मंडल) अखंड चालू ठेवला, तर विद्युत् घटातील बरीच ऊर्जा नुसत्या प्रतीक्षेतच खर्च होते. ग्राही बहुतेक काळ बंद ठेवूनही हाक चुकू न देणे, हा या तंत्रातील मुख्य प्रश्न आहे.

मूळ तत्त्व : उपकरणाच्या क्रमांकावरून हाकेची वेळ आधीच निश्चित केलेली असते. त्या वेळी ग्राही चालू होतो, हाक नसल्यास पुन्हा बंद होतो व मधल्या काळात केवळ कालमापक चालू राहतो. १·२८ सेकंदांच्या आवर्तनात ग्राही ०·०१ सेकंद चालू राहिला, तर तो एकूण काळाच्या एक टक्क्याहूनही कमी काळ शक्ती घेतो.

पेजर : ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या पुढाकाराने तयार झालेली ‘पॉक्सॅग’ ही संकेतपद्धती १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाली. तीत प्रक्षेपणाच्या आरंभी १ व ० हे अंक एकाआड एक असे निदान ५७६ वेळा पाठवितात. त्यानंतर १७ संकेतशब्दांचे गट येतात. प्रत्येक गटात पहिला शब्द वेळ जुळविण्याचा असतो व पुढील १६ शब्द आठ चौकटींत विभागलेले असतात. शब्दात ३२ द्विमान अंक असल्याने गट ५४४ अंकांचा होतो. पेजरच्या क्रमांकातील शेवटच्या तीन द्विमान अंकांवरून त्याची चौकट ठरते. त्यामुळे १७ पैकी तीनच शब्द ऐकणे त्याला पुरेसे होते. सेकंदास ५१२ अंक या वेगाने आरंभीचा संकेत १·१२५ सेकंद टिकतो. म्हणून प्रक्षेपण बंद असताना सेकंदातून एकदा अल्पकाळ कानोसा घेतला, तरी पुढचे प्रक्षेपण हुकत नाही. १९९३ मध्ये पुढे आलेल्या ‘फ्लेक्स’ पद्धतीत चार मिनिटांचे आवर्तन १२८ चौकटींत विभागलेले असते. पेजरने त्यांपैकी किती चौकटी ऐकाव्यात, हे गरजेप्रमाणे ठरविता येते.

मोबाईल दूरध्वनी : जीएसएम पद्धतीत ग्राहकाच्या क्रमांकानुसार हाकेचे गट पाडतात व आवर्तन सु. ०·४७ ते २·१२ सेकंद ठेवतात. चौथ्या पिढीच्या एलटीई पद्धतीत नेहमीचे आवर्तन ०·३२ ते २·५६ सेकंद असते. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या मानकांनी ते सु. ४४ मिनिटांपर्यंत आणि मापकयंत्रांसारख्या उपकरणांसाठी असलेल्या अरुंद पट्ट्याच्या पद्धतीत सु. २ तास ५५ मिनिटांपर्यंत वाढविण्याची सोय केली.

मर्यादा : आवर्तन वाढविले की घट अधिक टिकतो, पण हाक पोहोचण्यास लागणारा विलंबही तितकाच वाढतो. जमिनीखालील पाणीमापकाला दोन तासांचा विलंब चालतो व त्याचा घट वारंवार बदलणे परवडत नाही. याउलट, रुग्णालयातील तातडीच्या हाकेत एका मिनिटाचा विलंबही घातक ठरू शकतो. म्हणून एकच आवर्तन सर्वांसाठी योग्य ठरत नाही.

दुसरी मर्यादा कालमापकाची आहे. स्फटिकाच्या घड्याळात दशलक्ष भागांत २० भागांची चूक असेल, तर १·२८ सेकंदांत ती नगण्य असते. पण ४४ मिनिटांत सु. ०·०५ सेकंद होते. तेवढे आधी जागे होऊन वेळ पुन्हा जुळवावी लागते. शिवाय ग्राही स्थिरावण्यास लागणारी ऊर्जा व बंद अवस्थेतील अल्प विद्युत् प्रवाह टाळता येत नाहीत. त्यामुळे आवर्तन दुप्पट केल्याने घटाचे आयुष्य दुप्पट होत नाही.

उपकरण कोणत्या विभागात आहे हेही जाळ्याला माहीत असावे लागते. विभाग लहान ठेवल्यास हाक थोड्याच केंद्रांवरून द्यावी लागते, पण फिरत्या उपकरणाला आपले स्थान वारंवार कळवावे लागते. या प्रेषणास बरीच शक्ती लागते. विभाग मोठा ठेवल्यास उपकरणाची शक्ती वाचते. मात्र एका हाकेसाठी अनेक केंद्रांना प्रक्षेपण करावे लागते.

अलीकडील सुधारणा : एकाच वेळी जाग्या होणाऱ्या अनेक उपकरणांपैकी बहुतेकांसाठी हाक नसते. म्हणून हाकेपूर्वी एक लहान पूर्वसूचना देण्याची सोय पाचव्या पिढीच्या २०२२ मधील मानकांत करण्यात आली. पूर्वसूचनेत आपल्या उपगटाचा निर्देश नसेल, तर उपकरणाला पुढील संकेत वाचावा लागत नाही. अत्यल्प शक्तीवर चालणारा स्वतंत्र ग्राही सतत ऐकत ठेवून मुख्य ग्राही केवळ हाक आल्यावरच जागा करणे, ही यापुढील पायरी होय. तीमुळे विलंब न वाढविता शक्ती वाचविणे शक्य होते. मात्र अशा साध्या ग्राहीची संवेदनक्षमता मुख्य ग्राहीपेक्षा सामान्यतः कमी असते, म्हणून दुर्बल संकेत असलेल्या ठिकाणी त्याचा उपयोग मर्यादित राहतो.