काळा पडदा : बिघाड शोधण्याची रीत

प्रास्ताविक

एखादे यंत्र पूर्ण बंद पडले, तर त्याचे कारण शोधणे तुलनेने सोपे असते. दिवा लागत नसेल तर आपण दिवा बदलून पाहतो, बटण पाहतो, फ्यूज पाहतो. कधी चालणारे आणि कधी न चालणारे यंत्र मात्र माणसाला हैराण करते. दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे तर ते तेथे उत्तम चालते आणि घरी आणले की पुन्हा दगा देते. अशा बिघाडाचा माग कसा काढावा, हे प्रस्तुत पाठात एका उदाहरणाच्या आधारे समजावून घेऊ. उदाहरण संगणकाचे आहे, पण विचाराची ही रीत शिवणयंत्राला, पाण्याच्या पंपाला आणि रोजच्या व्यवहारातील अनेक अडचणींनाही लागू पडते.

एका संगणकाची कथा

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा इंदूरला एका फोटो स्टुडिओत काम करतो. दहावीनंतर त्याचे शिक्षण सुटले होते. आता तो मुक्त विद्यालयातून बारावीची तयारी करीत आहे. दोन वर्षे पैसे साठवून त्याने खेळांसाठी लागतो तसा वेगवान संगणक जुळवून घेतला. त्यातील ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरील चित्र घडविणारा भाग, त्याने जुना विकत घेतला होता. संध्याकाळी मित्रांबरोबर खेळ आणि रात्री लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन, असा त्या संगणकाचा दुहेरी उपयोग होता.

मे महिन्यात पडदा मधूनमधून काळा होऊ लागला. दुकानदाराने वरवर पाहून सांगितले, "कार्ड गेले आहे. नवे टाकावे लागेल." खर्च अठ्ठावीस हजार रुपये. दादा म्हणाला, "खेळण्याचे यंत्र ते! खेळून खेळूनच बिघडले. विकून टाक." एका लग्नाची चित्रफीत दहा दिवसांत द्यायची होती आणि तिचे आगाऊ पैसे खर्च होऊन गेले होते. मुलाने मला दूरध्वनी केला.

"आत्या, पडदा केव्हाही अचानक काळा होतो गं. पण तुला काय सांगू? तुझा विषय मराठी!"

मी म्हणाले, "यंत्रातले मला कळत नाही, हे खरे. पण तुझे वाक्यसुद्धा मला कळले नाही. 'केव्हाही' म्हणजे केव्हा? 'अचानक' म्हणजे त्याआधी काय चालू होते? पाच दिवस वही ठेव आणि प्रत्येक वेळी काय घडले ते क्रमाने लिही."

पहिली पायरी : निरीक्षण आणि नोंद

पाच दिवसांत त्याच्या वहीत सहा नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, चालू असलेले काम, ते सुरू होऊन गेलेला वेळ आणि बिघाडाच्या क्षणी दिसलेल्या व ऐकू आलेल्या गोष्टी होत्या. नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर 'केव्हाही' हा शब्द खोडावा लागला. सहाही वेळा एक तर भारी खेळ चालू होता, नाही तर चित्रफीत तयार होत होती. पाठ्यपुस्तक वाचताना किंवा पत्र लिहिताना पडदा एकदाही काळा झाला नव्हता. प्रत्येक वेळी खेळाचा आवाज काही क्षण ऐकू येत राहिला होता, कॅबिनेटमधील पंखे एकदम जोराने घोंघावले होते आणि मॉनिटरवरील निळा दिवा पिवळा झाला होता.

आता त्याचे वाक्य असे झाले : "ग्राफिक्स कार्डावर भार असताना मॉनिटरकडे जाणारे चित्र तुटते, संगणक मात्र काही काळ चालू राहतो." या एका वाक्याने निम्मे काम झाले. बिघाडाचे नेमके वर्णन करता येणे हीच दुरुस्तीची सुरुवात होय.

दुसरी पायरी : शक्यतांची वर्गवारी

काळा पडदा हे लक्षण आहे, रोग नव्हे. तापाचे जसे अनेक रोग असतात, तशीच या लक्षणाची कारणेही अनेक असतात. सोबतच्या खुणांवरून ती वेगळी करता येतात.

१. आवाज चालू राहिला, कॅप्स लॉकचे बटण दाबल्यावर त्याचा दिवा लागतो व विझतो, तर संगणक जिवंत आहे. दोष मॉनिटर, केबल, ग्राफिक्स कार्ड किंवा ते चालविणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, यांपैकी कोठेतरी असू शकतो.

२. संगणक पूर्ण बंद पडला किंवा आपोआप पुन्हा सुरू झाला, तर प्रथम वीजपुरवठा आणि उष्णता यांकडे पाहावे.

३. काहीही न करता ठरावीक मिनिटांनी पडदा काळा होतो आणि माऊस हलविल्यावर परत येतो, तर तो बिघाड नव्हेच. वीज वाचविण्यासाठी केलेली ती व्यवस्था आहे.

तिसरी पायरी : स्वस्त आणि सोपे ते आधी

तपासणीचा क्रम खर्चावरून ठरवावा. ज्याला पैसे लागत नाहीत, ते आधी तपासावे.

केबल : १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. असा पडदा सेकंदाला १४४ वेळा नवे चित्र दाखवीत असेल, तर दर सेकंदाला सुमारे तीस कोटी ठिपक्यांची माहिती केबलमधून जाते. सैल किंवा हलक्या प्रतीची केबल हा भार पेलू शकत नाही आणि चित्र तुटते. आमच्या मुलाने केबल बदलली, मग घरातील दूरदर्शन संच जोडून पाहिला. पडदा तरीही काळा झाला. म्हणजे मॉनिटर आणि केबल दोन्ही निर्दोष ठरले.

ड्रायव्हर : ग्राफिक्स कार्डाने ठरावीक वेळेत उत्तर दिले नाही, तर विंडोज प्रणाली त्याला पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करते. ही मुदत मुळात दोन सेकंदांची असते. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबून आपणही ड्रायव्हर पुन्हा सुरू करू शकतो. त्याने पडदा परत आला, तर संशय ड्रायव्हरवर अधिक घ्यावा. येथे तो परत आला नाही. 'इव्हेंट व्ह्यूअर' या नोंदवहीत ४१ क्रमांकाची नोंद मात्र वारंवार दिसत होती. पुष्कळांना हीच बिघाडाचे कारण वाटते. प्रत्यक्षात ती नोंद 'संगणक रीतसर बंद झाला नव्हता' एवढेच सांगते, आणि तो तर मुलाने स्वतःच बटण दाबून बंद केला होता. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा बसविला, तरी बिघाड राहिलाच.

चौथी पायरी : फसवे यश

आता राहिली उष्णता आणि वीज. मुलाने कॅबिनेटची एका बाजूची झडप काढली, समोर टेबल-पंखा लावला आणि खेळ सुरू केला. दोन दिवस पडदा काळा झाला नाही. त्याने आनंदाने कळविले, "आत्या, सापडले! उष्णतेनेच होत होते."

मी विचारले, "तापमान किती उतरले?"

तो थांबला. कार्डाचे तापमान दाखविणारी आज्ञावली त्याच्याकडे होती. झडप असताना बिघाडाच्या क्षणी ७४ अंश सेल्सियस आणि झडप काढल्यावर ७१. चौऱ्याहत्तर अंश हे भाराखालील कार्डाला धोक्याचे तापमान नव्हे. केवळ तीन अंशांनी एवढा फरक पडावा, हे पटण्यासारखे नव्हते. मग झडप काढल्यामुळे आणखी काय बदलले होते?

एका वेळी एकच बदल करावा, हा शोधकार्याचा मूलभूत नियम आहे. परंतु कधी कधी एका कृतीत दोन बदल दडलेले असतात. झडप काढली की हवा खेळते, आणि त्याबरोबर झडपेचा आतील वस्तूंवर पडणारा दाबही जातो. मुलाने विजेरी घेऊन आत पाहिले. ग्राफिक्स कार्डाला वीज पुरविणारी जाड केबल बाहेर फुगून आली होती. झडप लावली की ती दाबली जाई. त्या केबलचा आठ पिनांचा जोड पूर्ण बसलेलाच नव्हता. त्याची खिटी अडकली नव्हती.

कारणाचा उलगडा

एवढ्याशा सैल जोडाने पडदा का काळा व्हावा? आपल्या घरात २३० व्होल्ट दाबाची वीज येते. संगणकातील एसएमपीएस हा भाग तिचे रूपांतर मुख्यतः १२ व्होल्टमध्ये करतो. दाब कमी झाला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह अधिक लागतो. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. आठ पिनांच्या जोडातून १५० वॅटपर्यंत मिळू शकतात. १५० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे साडेबारा अँपिअर प्रवाह झाला. एवढा प्रवाह अर्धवट टेकलेल्या पिनांतून जाताना तेथे उष्णता निर्माण होते आणि कार्डापर्यंत पोहोचणारा दाब घसरतो. पत्र लिहिताना कार्डाला थोडीच वीज लागते, म्हणून काही बिघडत नाही. खेळात किंवा चित्रफितीत मागणी वाढली की पुरवठा तुटतो, कार्ड काम थांबविते आणि चित्र जाते. कार्डावरचे नियंत्रण सुटल्याने त्याचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात. वहीतील प्रत्येक नोंद या एका कारणाने जुळली.

सैल जोडाचे परिणाम याहूनही गंभीर होऊ शकतात. २०२२ मध्ये काही शक्तिशाली कार्डांबरोबर सोळा पिनांचा नवा जोड आला, तेव्हा तो अर्धवट बसल्यामुळे तापून वितळल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या.

मुलाने संगणक बंद केला, भिंतीतील प्लग काढला, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ दिली आणि अंगावरील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावला. मग जोड काढून 'टक्' असा आवाज येईपर्यंत नीट बसविला, केबल दुसऱ्या मार्गाने वळविली आणि झडप पुन्हा लावली. झडप लावणे आवश्यक होते. ती न लावता चाचणी घेतली असती, तर काहीच सिद्ध झाले नसते. आठ दिवस तोच खेळ आणि तेच संकलन चालले. पूर्वी पाच दिवसांत सहा वेळा झालेला बिघाड एकदाही झाला नाही. खर्च शून्य रुपये.

चित्रफीत वेळेवर दिली गेली. दादा काही बोलला नाही, पण त्याने ती वही मात्र मागून घेतली आणि शेवटपर्यंत वाचली.

काही सावधगिरीच्या सूचना

एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो. धूळ काढताना पंखे बोटाने धरून ठेवावेत, ते हवेने गरगर फिरू देऊ नयेत. घरगुती ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस सामान्यतः ३६० वॅटच्या आसपास भार पेलतो, हे लक्षात ठेवावे. खेळांच्या संगणकाची मागणी त्याहून अधिक झाल्यास, वीज जाताच किंवा दाब घसरताच सर्वच बंद पडेल आणि दोष विनाकारण संगणकाला दिला जाईल. जळका वास आला किंवा जोड काळवंडलेला दिसला, तर स्वतः प्रयोग न करता जाणकाराची मदत घ्यावी.

समारोप

दुकानदार खोटे बोलला, असे म्हणता येणार नाही. उलट, त्याने नवे कार्ड बसविले असते तर बिघाड नाहीसाही झाला असता, कारण नवे कार्ड बसविताना जोड नव्याने आणि नीट बसला असता. मग 'कार्डच गेले होते' अशी सर्वांची खात्री पटली असती आणि अठ्ठावीस हजार रुपयांचा चुकीचा निष्कर्ष घरात कायमचा राहिला असता. उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होते, असे नाही. नेमके पाहणे, नेमके लिहिणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि मिळालेल्या यशालाही प्रश्न विचारणे, ही या पाठाची शिकवण आहे. त्यासाठी लागणारे पहिले साधन प्रत्येकाच्या घरी असते : वही आणि पेन्सिल.

शब्दार्थ

माग काढणे – शोध घेणे
लक्षण – खूण, चिन्ह
निदान – बिघाडाचे किंवा रोगाचे कारण ओळखणे
खिटी – जोड पक्का धरून ठेवणारा लहान अडसर
निष्कर्ष – विचारांती काढलेले अनुमान

स्वाध्याय

१. 'केव्हाही' हा शब्द का खोडावा लागला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. झडप काढल्यावर बिघाड थांबला, तरी उष्णता हे कारण नव्हते. हे कशावरून ठरले?
३. 'उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होते, असे नाही.' या विधानाचे तुमच्या अनुभवातील एक उदाहरण द्या.
४. तुमच्या घरातील मधूनमधून बिघडणाऱ्या एखाद्या वस्तूची पाच दिवसांची नोंद ठेवा आणि तिच्या आधारे बिघाडाचे एका वाक्यात वर्णन करा.