अडखळणारा काळ: ‘क्वांटम ब्रेक’

फिनलंडच्या रेमेडी कंपनीने २००१ साली ‘मॅक्स पेन’ या व्हिडिओ गेममध्ये बंदुकीच्या गोळ्या संथ गतीने उडताना दाखवल्या. एप्रिल २०१६मध्ये आलेल्या तिच्या ‘क्वांटम ब्रेक’ या गेममध्ये तर खुद्द काळच तुटतो.

रिव्हरपोर्ट या काल्पनिक गावातल्या विद्यापीठात कालयंत्राचा प्रयोग फसतो. तिथे हजर असलेला जॅक जॉइस आणि त्याचा मित्र पॉल सेरीन या दोघांच्या अंगी काळावर हुकमत येते आणि मैत्रीचं वैर होतं. खेळणारा जॅक होतो. शत्रूला थिजलेल्या काळाच्या बुडबुड्यात अडकवायचं, त्यावर गोळ्या झाडायच्या. बुडबुडा फुटला की साऱ्या गोळ्या एकदम लागतात. स्वतःभोवती काळाची ढाल उभारता येते, किंवा सगळं थबकलेलं असताना शत्रूच्या पाठीमागे धावत जाता येतं. मला सर्वांत भावतात ते काळ अडखळण्याचे प्रसंग. महाकाय जहाज पुलावर आदळतं, मागे सरतं, पुन्हा आदळतं आणि जॅक त्या हलत्या अवशेषांतून वाट काढतो.

खेळातल्या अंकांच्या शेवटी खेळाडू सेरीनच्या भूमिकेतून एक निर्णय घेतो. मग खेळातच गुंफलेल्या, खऱ्या नटांनी केलेल्या मालिकेचा एक भाग सुरू होतो. असे चार भाग आहेत आणि निर्णयानुसार त्यांतली काही दृश्यं बदलतात. खेळ थांबवून एवढा वेळ नुसतं बघत बसणं काहींना जड जातं. पण एडन गिलनने रंगवलेला सेरीन पाहताना खलनायकाची भीती आपल्यालाही कळू लागते: काळाचा अंत त्याने आधीच पाहिलेला असतो.