आधी भाषा, मग गोष्ट

पहिल्या महायुद्धाच्या काळातला लष्करी तंबू. ओल, कळकट टेबलं, शिळ्या चरबीचा वास. प्रशिक्षणाचं रटाळ व्याख्यान चालू. तेवढ्यात एक सैनिक स्वतःशीच पुटपुटतो, द्वितीया विभक्ती उपसर्गानं दाखवावी! पठ्ठ्या मनातल्या मनात नवी भाषा रचत होता. ऐकणाराही त्याच वाटेचा निघाला: जे. आर. आर. टोल्किन.

हा किस्सा त्यांनी १९३१ मध्ये ऑक्सफर्डमधल्या एका व्याख्यानात सांगितला आणि भाषा रचण्याच्या छंदाला ‘गुप्त व्यसन’ म्हटलं. त्यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी यायला तेव्हा सहा वर्षं होती.

लहानपणी त्यांच्या मावसबहिणींनी प्राण्यांच्या नावांची एक भाषा केली होती. तीत ‘चाळीस’ म्हणजे गाढव. आपल्या ‘च’च्या भाषेसारखाच पोरखेळ. पुढे फिनिश भाषेनं टोल्किनना वेड लावलं, त्यातून ‘क्वेन्या’ आकाराला आली. वेल्शच्या नादमाधुर्यावरून ‘सिंदारिन’ घडली. गंमत अशी, की या दोन्ही भाषा एकाच काल्पनिक मूळ भाषेतून फुटलेल्या. क्वेन्यात ‘शब्द’ म्हणजे ‘क्वेत्ता’, सिंदारिनमध्ये ‘पेथ’. हंस तिथे ‘अल्क्वा’, इथे ‘अल्फ’. एकीकडचा ‘क्व’ दुसरीकडे ओठांवर येतो, तोही नियमानं. संस्कृत ‘हस्त’चा मराठीत ‘हात’ आणि ‘सप्त’चा ‘सात’ झाला, त्याच जातीचं हे काम.

पण उच्चार बदलायला शतकं जावी लागतात. दोन बोली वेगळ्या व्हायच्या तर बोलणाऱ्यांची ताटातूट हवी. म्हणजे स्थलांतरं आली, भांडणं आली, नकाशे आले. टोल्किनच्या कथांत या भाषा बोलणाऱ्या एल्फ मंडळींचा सगळा इतिहास असा व्याकरणाच्या पोटातून निघाला. कथेला सजावट म्हणून भाषा चिकटवणाऱ्यांत आणि टोल्किनमध्ये हाच फरक.

आता या छंदाला बाजारही आहे. मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’साठी क्लिंगॉन घडवली, तिचा शब्दकोश १९८५ मध्ये आला. २०१५ च्या ‘बाहुबली’तले कालकेय जी किलिकी बोलतात, ती तमिळ गीतकार मदन कार्की यांची.

करून पाहायचं असेल, तर शब्दांच्या यादीपासून सुरुवात करू नका. तिथेच बहुतेकांचा उत्साह आटतो. आधी कोणते ध्वनी ठेवायचे, कोणते गाळायचे ते ठरवा, मग क्रियापद कुठे बसवायचं ते. शब्द थोडे असले तरी चालतं. २००१ मध्ये सोन्या लँग यांनी मांडलेली ‘टोकी पोना’ जेमतेम सव्वाशे शब्दांत भागवते, आणि तिच्यात लोक कविताही करतात.