जलवाटा : लेखांक १७
सरोवराच्या तोंडाशी

फराक्क्याच्या लॉकगेटचं मागच्या वेळी कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. कारण नागपूरच्या एका वाचकांचं पत्र. कोलकात्याच्या नकाशात चितपूरपासून बेलियाघाट्याकडे वळत गेलेला कालवा दिसतो, तोच आपल्या भोसल्यांच्या धास्तीनं खणलेला मराठा खंदक ना, असं ते विचारतात. नागपूरकरांना हा प्रश्न पडणारच!

तर नाही. रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा १७४२ मध्ये कोलकातेकरांनी कंपनीकडून परवानगी घेऊन तो खंदक खणायला घेतला. तीनेक मैल झाला आणि काम थांबलं. मराठे शहरापर्यंत पोचलेच नाहीत. १७९९ मध्ये खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. कालवा या रस्त्याच्याही पूर्वेला आहे आणि १८३० च्या आसपासचा आहे. तो खणला तांदूळ शहरात आणण्यासाठी.

तांदूळ यायचा खुलना-बारिसालकडून, म्हणजे पूर्वेकडून, आणि हुगळी आहे शहराच्या पश्चिमेला. उत्तरेकडून गंगेतून उतरावं तर नदिया जिल्ह्यातल्या नद्या उन्हाळ्यात आटायच्या. दक्षिणेकडून यावं तर सागर बेटाला वळसा घालून उघड्या समुद्रातून, आणि तिथे देशी होडीचा निभाव लागायचा नाही. म्हणून होड्या सुंदरबनच्या खाड्याखाड्यांतून शहराच्या मागच्या दारानं आत शिरायच्या. या सगळ्या जाळ्याची लांबी ११२७ मैल सांगितली जाते. त्यात माणसानं खणलेले मैल फक्त ४७. बाकी सगळं भरती-ओहोटीचं पाणी. आणि दाराच्या अगदी तोंडाशी पसरलेलं खारं सरोवर, ज्याच्या काही भागावर आज सॉल्ट लेक उपनगर उभं आहे.

नकाशात हा टप्पा सगळ्यात सोपा वाटतो. रुंद पाणी, ना वळण ना वाकण. खरी मेख तिथेच होती. दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीत होडी हाकलेला कोणीही सांगेल, की अरुंद खाडीत भरती तुम्हाला स्वतःच वर घेऊन जाते. तांडेलानं फक्त सुकाणू सांभाळायचं. पण तीच भरती सरोवरात शिरली की चहूकडे पांगते आणि तिचा जोर जातो. जोर गेला की तिनं वाहून आणलेला गाळ तिथेच बसतो. म्हणजे जिथे खाडी सरोवराला मिळते, नेमकी तिथेच उथळी. शिवाय खाडीत काठावरून दोर लावून होडी ओढता येते. सरोवरात काठच नाही, तर ओढणार कुठून? मग वल्ही मारा, नाहीतर बांबू रोवून रेटा. वारा आडवा आला की तेही बेताचंच.

वेळेचं गणित त्याहून अवघड. सरोवराला भरती यायची विद्याधरी नदीतून, मातला नदीच्या बाजूनं. कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, चितपूरला, हुगळीची भरती. समुद्र एकच, पण वाटा निराळ्या, त्यामुळे दोन्हींच्या वेळा जुळत नाहीत आणि पाण्याची पातळीही जुळत नाही. म्हणून चितपूरला लॉकगेट आलं आणि सरोवराच्या बाजूला धाप्यालाही. उथळी ओलांडायला भरती हवी आणि ती उतरायच्या आत धाप्याला पोचायला हवं. भरती हुकली की पुढच्या भरतीपर्यंत चिखलात बसून राहायचं.

इंजिनिअरांना अर्थातच हे सरोवर म्हणजे अडथळा वाटला. १८५९ मध्ये उल्टाडांग्यापासून धाप्यापर्यंत ‘न्यू कट’ खणला, पुढे भांगडची खाडी कालव्यासारखी बांधून काढली, १९१० च्या सुमारास कृष्णपूरचा कालवा झाला. प्रत्येक वेळी हेतू तोच, होड्यांची वाट सरोवरातून आणि विद्याधरीतून बाहेर काढायची. खलाशांची सोय झाली, यात शंका नाही. पण मला या सगळ्यात एक गोष्ट खटकत आली आहे. ते पसरट, उथळ, कंटाळवाणं सरोवर भरतीला पाणी पोटात घ्यायचं आणि ओहोटीला सगळं एकदम सोडायचं. त्या परतीच्या लोंढ्यानंच विद्याधरीचा तळ खरवडून निघायचा. मासळीसाठी बांध घालून सरोवराचे तुकडे झाले, वरून येणारं गोडं पाणी तुटलं, भर म्हणून शहराचं सांडपाणी नदीत सोडलं. गाळ येत राहिला, तो नेणारं पाणी मात्र राहिलं नाही. १९२८ मध्ये विद्याधरी मृत नदी म्हणून जाहीर झाली.

उरलेल्या सरोवराचं काय झालं, तेही थोडक्यात सांगून टाकतो. १९६२ पासून हुगळीच्या तळातली वाळू नळांतून आणून उत्तरेकडचा भाग भरला आणि बिधाननगर, म्हणजेच सॉल्ट लेक उपनगर, वसवलं. भरावाचं कंत्राट युगोस्लाव्हियाच्या कंपनीकडे होतं. दक्षिण-पूर्वेकडच्या भेड्यांत, म्हणजे मत्स्यतळ्यांत, अजून शहराच्या सांडपाण्यावर मासे पोसले जातात. तो १२,५०० हेक्टरांचा पट्टा २००२ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. त्यावर लिहायला बसलो तर फराक्का पुढच्या महिन्यात जाईल.

नागपूरच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी टॉलीच्या नाल्याचंही विचारलं आहे. मेजर विल्यम टॉलीनं १७७५ ते ७७ मध्ये आदिगंगेचं जुनं पात्र उकरून तो काढला, दक्षिणेकडून हुगळी थेट विद्याधरीला जोडण्यासाठी. आज टॉलीगंजच्या पुढे मेट्रोचे खांब त्या नाल्याच्या पात्रातच उभे आहेत, तेव्हा होडीचा प्रश्न मिटला. पुढच्या आठवड्यात फराक्का, नक्की.