पाकीट ग्राहकाचे, भार दुकानदाराचा

'साइफु' म्हणजे पैशांचे पाकीट. त्याला 'ओ' हा आदरार्थी उपसर्ग जोडून जपानमधील एनटीटी डोकोमो या कंपनीने जुलै २००४ मध्ये 'ओसाइफु-केताई', म्हणजे पाकीट झालेला मोबाइल फोन, बाजारात आणला. पुढे जगभर ज्याचा गाजावाजा झाला, ते जपानी नोकरदार त्याच्या कितीतरी आधी करीत होता.

या फोनच्या पोटात सोनी कंपनीची 'फेलिका' ही चिप असे. दुकानातील यंत्राच्या रेडिओलहरींनी ती जागी होई व हिशेब पुरा करी. हीच चिप हाँगकाँगच्या प्रवासी कार्डात १९९७ पासून आणि पूर्व जपान रेल्वेच्या 'सुइका' कार्डात २००१ पासून होती. तोक्योच्या स्थानकांवरील लोंढा अडू नये, म्हणून सेकंदाच्या पाचव्या हिश्शात व्यवहार उरकण्याची अट तिच्यावर होती. जानेवारी २००६ मध्ये सुइकाही फोनमध्ये आले. विक्रीवरील कर १९८९ मध्ये ३ टक्के व १९९७ मध्ये ५ टक्के झाल्यापासून सुट्या येनांनी खिसे जड होत होते. ग्राहकाला ही सोय गोड वाटली, यात नवल नाही.

मग रोकड हटली का? मुळीच नाही. २०१५ मध्येही खाजगी उपभोगखर्चाचा पाचवा हिस्सादेखील रोकडीविना होत नव्हता. याचे कारण तंत्रात नसून खर्चाच्या वाटपात शोधावे लागते. सोय ग्राहकाची, परंतु यंत्राची किंमत आणि प्रत्येक विक्रीवरील दलाली दुकानदाराच्या माथी. त्यातच एडी, आयडी, नानाको, वाओन अशा चुली वेगवेगळ्या! साखळी-दुकानांना हे पेलले. तुटपुंज्या नफ्यावर चालणाऱ्या गल्लीतील खाणावळीने रोख पैसेच पसंत केले, आणि तिचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

ही कोंडी फुटली ती एका कागदाने. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'पेपे' या सेवेत दुकानदाराने छापील क्यूआर चौकट गल्ल्यापाशी चिकटवली की पुरे. ही चौकट १९९४ मध्ये जपानच्याच डेन्सो कंपनीत जन्मली; सेवेचे तंत्र मात्र भारतातील पेटीएमकडून गेले होते. यंत्र नाही, लहान दुकानांना दलालीही माफ. २०२४ मध्ये रोकडविरहित व्यवहारांचे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर पोचले. माफीची मुदत मात्र त्यापूर्वीच सरली होती: ऑक्टोबर २०२१ पासून त्या लहान दुकानांकडूनही दलाली घेतली जाऊ लागली.