बिनवायरचे ड्रिल आणि भिंतीतली वायर

कोणत्याही घरात कामाला गेलो, की चपला काढता काढता मी पहिला प्रश्न विचारतो, "मेन स्विच कुठे आहे?" घरातली मंडळी गोंधळतात. चहाचे आधण ठेवायला निघालेल्या वहिनी दारातच थबकतात. "अहो, तुमचे मशीन तर बॅटरीवरचे ना? मग मेन कशाला हवा?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचे उत्तर उंबरठ्यावर उभे राहून देता येत नाही. म्हणून आज रविवारच्या निवांतपणी ते सविस्तर सांगतो.

मी पनवेल तालुक्यातल्या गव्हाणचा. जुन्या घरांची दुरुस्ती करणे, खोल्या वाढवणे, दारे-खिडक्या, कपाटे, स्वयंपाकघराचे ओटे नव्याने बसवणे हा माझा धंदा. वडील सुतार होते. त्यांच्या पेटीत वाकस, रंधा, पटाश्या, गुण्या, दोन करवती आणि एक गिरमिट असे. लाकडाला भोक पाडायचे तर गिरमिटाची आडवी मूठ दोन्ही हातांनी पिळत बसायचे. भिंतीवर फळी मारायची तर छिन्नीने खड्डा पाडायचा, त्यात लाकडाची गुल्ली ठोकायची आणि त्या गुल्लीत खिळा. एका फळीत सकाळ जायची. पण कुणाला घाई नव्हती. घर कौलारू, भिंत जाड आणि तिच्यात वायर नावाची वस्तूच नव्हती. वीज होती ती लाकडी पट्टीवरून, सगळ्यांना दिसेल अशी फिरायची.

पुढे आमच्या भागाचे रूप पालटले. १९७० साली सिडको स्थापन झाली, शेतजमिनी गेल्या. १९८४च्या जानेवारीत शेजारच्या जासई परिसरात शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, पाच जणांनी प्राण दिले आणि त्यातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. कौले उतरली, स्लॅब पडले. एका घराची दोन झाली, दोनाची चार. भाड्याने द्यायला खोल्या निघाल्या. विटा-सिमेंटच्या भिंतीत गुल्ल्या ठोकत बसायला आता वेळ कुणाला होता? १९९४ साली मी विजेवरचे पहिले ड्रिल घेतले. वडिलांनी ते हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "जोर आहे. पण दावणीला बांधलेला आहे."

त्या दाव्याने मला पुढची वीस वर्षे छळले. वायर नेमकी दोन हात तोकडी पडायची. एक्स्टेंशन बोर्ड आणावा तर त्याची पिन घरातल्या सॉकेटात बसायची नाही. मग वायरची दोन उघडी टोके सॉकेटात खुपसायची आणि ती निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या ठोकायच्या. हा उद्योग आमच्या धंद्यात सर्रास चाले. वाचकांपैकी अनेकांनी तो आपल्या घरात पाहिला असेल. घरातले मूल त्या वायरीत अडखळे, आजीबाई तिच्यावरून लुगडे सावरत जात, आणि शिडीवर चढलेल्या माणसाचे अर्धे लक्ष भोकाकडे नि अर्धे पायात गुंतलेल्या वायरीकडे.

एका जुलैत, पडवीवर पत्रे टाकण्याचे काम चालू होते. पाऊस नुकताच उघडला होता, लादी ओली होती. माझा पुतण्या तेव्हा सतरा वर्षांचा, हाताखाली शिकत होता. बोर्ड उचलायला म्हणून त्याने हात घातला. वायरचे वरचे आवरण एका जागी सोलले होते, ते मला ठाऊक होते. चिकटपट्टी लावायची राहून गेली होती. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता ताठ झाला. मी लाकडी रिपेने वायर उडवली म्हणून वाचला. त्याच्या तळहातावरचा डाग अजून आहे. मी तो दररोज पाहतो, कारण आम्ही आजही एकत्रच काम करतो.

म्हणून २०१३ साली मी बॅटरीवरचे ड्रिल घेतले तेव्हा पैशांचा हिशेब फारसा केला नाही. दाव्यातून सुटका झाली, एवढेच मनात होते.

ही बिनवायरची हत्यारे तशी आजची नव्हेत. अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने बॅटरीवरचे ड्रिल १९६१ साली बाजारात आणले. जपानच्या माकिटाचे १९६९ साली आले. १९७१ साली अपोलो-१५चे अंतराळवीर चंद्रावर उतरले, तेव्हा तिथली जमीन खोदायला त्यांच्याजवळ बॅटरीवरचे ड्रिल होते. तिथे काड्या खुपसायला सॉकेट कुठले? पण आमच्यासारख्यांच्या हाती ती यायला बराच काळ गेला. कारण जुन्या निकेल-कॅडमियम सेलचा दाब अवघा १.२ व्होल्ट. अठरा व्होल्ट हवे असतील तर पंधरा सेल एकापुढे एक जोडावे लागत. मशीन जड होई, आणि कॅडमियम हे विष. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन सेल विक्रीस आणला. त्याचा दाब ३.६ व्होल्ट, म्हणजे पाच सेलांत अठरा व्होल्ट. २००५च्या सुमारास तो सेल हत्यारांत आला आणि सगळे चित्रच बदलले. ज्या तिघा शास्त्रज्ञांच्या कामातून तो घडला, त्यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सुख काय झाले ते सांगतो. छतापाशी पडद्याचा दांडा बसवायचा असो, कपाटाच्या पोटात शिरून बिजागरी आवळायची असो किंवा गच्चीवर पत्र्याचे स्क्रू मारायचे असोत, माणूस एका हाताने शिडी धरतो आणि दुसऱ्या हाताने काम करतो. वीज गेली तरी काम थांबत नाही. पूर्वी दोन माणसे लागत, एक कामाला आणि एक वायर धरायला. आता दुसरा माणूसही कामच करतो. मनगटे कमी दुखतात. पन्नाशी उलटलेल्या माणसाला याचे मोल विचारा.

आणि दुःखेही आहेत. अठरा व्होल्टची, दोन अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे छत्तीस वॉट-तास. सहाशे वॉटचे वायरचे ड्रिल पूर्ण ताकदीने चालवले, तर एवढी वीज साडेतीन मिनिटांत फस्त करील. तेव्हा लाकूड, पत्रा, विटेची भिंत इथे बॅटरी राज्य करते. जुना ओटा फोडायचा किंवा काँक्रीटमध्ये दिवसभर भोके पाडायची, तर मी आजही वायरचेच मशीन काढतो. बाजारात काही मशीनवर '४८ व्होल्ट' असे ठळक छापलेले असते. बॅटरी उघडावी तर आत तेच पाच सेल. पाच सेल पूर्ण भरले तरी एकवीस व्होल्टच होतात. उरलेले सत्तावीस त्या कागदाच्या चिठ्ठीत असतात! बॅटरीला ऊन सोसत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद टेम्पोत ठेवली, की तिचे आयुष्य घटते. काम करून तापलेली बॅटरी तशीच चार्जरला लावू नये, हे मी एक बॅटरी घालवून शिकलो. आणि मेलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसते. २०२२च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

पण ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो, ती गोष्ट वेगळीच आहे.

वायरचे ड्रिल होते तेव्हा मला घराची ओळख करून घ्यावीच लागे. सॉकेट कुठे, मीटर कुठे, कुठल्या बटणाने काय बंद होते, हे सारे विचारावे लागे. बॅटरीने ती विचारपूस संपवली. घरात शिरायचे, भिंतीला बिट लावायचे, घोडा दाबायचा. हातातल्या मशीनला वायर नाही, म्हणून कामात वीजच नाही असे मनाने परस्पर ठरवून टाकले. वीज मात्र होती तिथेच होती, भिंतीच्या आत, प्लॅस्टरखाली.

२०२२च्या मे महिन्यात आमच्या पंचक्रोशीतल्या एका घरात स्वयंपाकघर नव्याने करण्याचे काम घेतले. बापाने बांधलेले मोठे घर, दोघा भावांत मधोमध भिंत घालून वाटलेले. भूखंडाच्या वाटणीवरून दोघांचे बोलणे सहा वर्षे बंद. धाकट्याच्या बाजूला, त्या मधल्या भिंतीच्या काटकोनात असलेल्या जुन्या भिंतीवर कपाटे टांगायची होती. बाजूला स्विचबोर्ड होता, म्हणून त्या दिवशी मला सुबुद्धी झाली आणि मी मेन बंद करून घेतला. पंखा थांबला. वहिनींची दुपारची मालिका थांबली, त्याबद्दल त्यांनी नाराजीही नोंदवली. पुतण्याने भिंतीला बिट लावले. दुसऱ्या भोकाला निळा लोळ उठला आणि फट्‌ असा आवाज झाला. बिटाचे टोक वितळून गोल झाले होते.

पुतण्याचा हात प्लॅस्टिकच्या मुठीवर होता, पायात रबरी चपला होत्या. बिट जिथे बसते त्या लोखंडी तोंडाशी बोट असते, तर काय झाले असते ते लिहवत नाही. तो काही बोलला नाही. खाली बसला आणि आपला तळहात पाहत राहिला. जुना डाग होता तोच हात.

मेन बंद असताना वीज आली कुठून? उलगडा व्हायला वेळ लागला नाही. वायरिंग वाटणीच्या आधीचे. मधे भिंत उभी राहिली, मीटर दोन झाले, पण धाकट्याच्या स्वयंपाकघरातून जाणारी एक लाइन थोरल्याच्या मीटरवरच राहून गेली होती. घर वाटले गेले होते, वायर वाटली गेली नव्हती.

मी पलीकडे गेलो. थोरले भाऊ ओटीवर बसले होते. म्हटले, "दादा, तुमचा मेन तासभर बंद ठेवाल का? तुमची वायर त्यांच्या भिंतीत आहे. आत्ता पोरगा वाचला." ते काही न विचारता उठले. मेन पाडला, वर फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकला. तासाचे काम अडीच तास चालले. मेच्या त्या उकाड्यात, पंख्याशिवाय, ते खिशावर हात ठेवून ओटीवर बसून होते. मधे वहिनींनी कोकम सरबताचे पेले भरले. कामावर आम्ही दोघे आणि घरचे यजमान, असे तिघे होतो. पेले चार होते. चौथा मी पलीकडे नेऊन दिला. त्यांनी तो घेतला. काम संपल्यावर त्यांनी मधल्या भिंतीवरून आवाज दिला, "झाले का?" आणि अलीकडून धाकट्याने उत्तर दिले, "झाले, दादा. लावा फ्यूज." पुढे दोघांत काय झाले ते मला माहीत नाही. ती लाइन मात्र आठवड्याभरात इलेक्ट्रिशियन बोलावून तोडून घेतली.

त्या दिवसापासून मी उंबरठ्यावरच मेन विचारतो. उशिरा का होईना, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वायरचे ड्रिल चालवायचे तर घरात वीज चालू ठेवावीच लागे. मेन बंद करण्याची सोयच नव्हती. बॅटरीच्या हत्याराने ती सोय प्रथमच दिली. सगळ्या घराची वीज बंद करून भिंतीला हात घालता येतो, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. जाहिरातीत तो कुणी सांगत नाही, आणि आम्ही कारागीरही तो वापरत नाही.

तेव्हा घरी काम काढणार असाल तर चार गोष्टी स्वतः पाहा. मेन बंद करा, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत असते. घर वाटलेले असेल, मीटर दोन असतील तर शेजारी विचारा. मग टेस्टरने तपासून घ्या. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू देऊ नका, वायर बहुधा तिथूनच जाते. पण जुन्या घरात ती तिरकीही गेलेली असते, तेव्हा निर्धास्त राहू नका. नवे वायरिंग करत असाल तर प्लॅस्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा आणि तीस मिलिअँपिअर गळतीला पडणारा स्विच बसवून घ्या. माझ्या पुतण्याच्या वेळी तसा स्विच असता, तर त्याच्या हातावर डाग राहिला नसता.

वडिलांची पेटी माझ्याकडे आहे. गिरमिट अजून चालते. सागाच्या जुन्या चौकटीला कोयंडा बसवताना मी कधीकधी ते काढतो, कारण त्याने लाकूड चिरत नाही. आणि हात सावकाश चालला, की पलीकडे काय आहे याचा विचार करायला वेळ मिळतो. बॅटरीचे मशीन तो वेळ देत नाही. तो आपला आपणच काढावा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या दारात आलेल्या कारागिराने मेन विचारला तर त्याच्यावर वैतागू नका. विचारला नाही तर तुम्ही दाखवा. तासभर पंखा बंद राहील, मालिकेचा एक भाग चुकेल. उकाडा फारच झाला तर ही पुरवणी घडी करून हाती घ्या. वारा घ्यायला पुरेशी आहे.